पोर्चमधला पाहुणा

मंगळवारी सकाळी सव्वासहाच्या सुमारास समता कॉलोनीतल्या आमच्या घराच्या फाटकातून एक पांढरा बैल आत आला, पोर्चमध्ये जिथं आमची गाडी उभी असते तिथं थांबला, आणि बसला. गाडी मी आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवली होती. म्हणजे ही घटना अचानक घडलेली नाही. बैल मी आणला होता.

आता, बैल आणणं सगळ्यांना जमत नाही. मला जमतं. रायपूरच्या एका हिंदी दैनिकात मी आयुष्यभर शहराच्या बातम्या लिहिल्या. बंद खोलीतल्या बैठकीत काय ठरलं ते बैठक उठायच्या आत छपाईला दिलं. त्या मानानं बैल म्हणजे किरकोळ काम. रात्रीच्या उरलेल्या पोळ्या, गुळाचा खडा, आणि चौकातल्या दाताच्या दवाखान्यासमोर पावसाळाभर ठाण मांडून बसलेलं एक जनावर. पेशंट त्याला वळसा घालून आत जात. काही जण त्याच्या रवंथाकडं बघून, आपले दात काही इतके वाईट नाहीत असं ठरवून परत जात, असं ऐकलं होतं. पुष्टी झालेली नाही.

योजना साधी होती. बैल दोन तास पोर्चमध्ये बसेल, माझी बायको त्याचं चित्र काढेल, आठ वाजता मी गूळ दाखवत त्याला दवाखान्यासमोर सोडून येईन आणि मग चहा घेईन.

हा चहा मला गुरुवारी मिळाला.

माझी बायको पूर्णिमा मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पुण्याच्या एका प्रकाशनानं तिला एक गोष्ट पाठवली होती. एक म्हातारा बैल पोळ्याच्या आदल्या दिवशी एकटाच बाजार बघायला निघतो, अशी. नदी, बाजार, बायका, बैलगाड्या, सगळी चित्रं झाली आणि पसंत पडली. त्या चित्रांत बैल लांबून दिसतो, पाठमोरा दिसतो, गर्दीत दिसतो. राहिलं मुखपृष्ठ. मुखपृष्ठावर नुसता बैल, उभा, अगदी जवळून. ते चित्र गेलं आणि तिथल्या संपादक मंजिरीबाईंचा फोन आला.

"काकू, राग मानू नका. बाकी सगळं इतकं गोड आहे. पण बैल सोफ्यासारखा दिसतोय."

पूर्णिमानं दुसरा बैल काढून पाठवला. मंजिरीबाई म्हणाल्या, आधीचा सोफा बरा होता. तिसऱ्याच्या वेळी त्या फारच मायेनं बोलल्या. "शुक्रवारी फाईल छापखान्यात जाते, काकू. नाहीच झालं तर एवढा बैल आपण कॉम्प्युटरवर करून घेऊ. हल्ली छान होतं. मुलांना कळत नाही."

त्या रात्री पूर्णिमानं ब्रश धुतले, पुसले, कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवले, आणि स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे काढून घासायला बसली. आमच्याकडं डबे असे आजवर दोनदाच निघाले आहेत. एकदा तिचे वडील गेले तेव्हा आणि एकदा आमची ऋता नोकरीसाठी बंगळूरला गेली तेव्हा.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. हात गेला माझा. आता पुरे."

"हात कसा जाईल? परवा तर एवढी सुंदर नदी काढली तू."

"नदीले पाय नसतात."

ती डब्याच्या तळाशी काथ्या फिरवत म्हणाली, "मी शेवटचा बैल कधी पाहिला, सांगा बरं."

"रोज पाहतो की आपण. रस्त्यात."

"ते पाहणं नाही. ते चुकवणं आहे."

ऋतानं बंगळूरहून मोबाईलवर बैलांचे ढीगभर फोटो पाठवले होते. "मम्मी, ये देखो ना, एकदम क्लिअर है." पूर्णिमानं ते बघितले आणि फोन उलटा ठेवला. फोटोतला बैल फोटो काढून घेत असतो, श्वास घेत नाही, असं तिचं म्हणणं.

तिचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडं आलेलं घराणं, रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणारं. रविवारी ते पूर्णिमाला छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं तेलीबांध्याला घेऊन जायचे. तेव्हा तेलीबांध्याला शहर संपायचं. तलाव होता, तलावात म्हशी होत्या, आणि काठावर आरंगकडच्या गावांतून आलेल्या गाड्यांचे बैल सोडलेले असायचे. आज तिथं रोषणाई आहे, कारंजी आहेत, आणि सगळ्या शहराला फोटो काढायला तेवढी एकच जागा असल्यासारखी गर्दी आहे. छोटी लाईनही उखडली गेली, तिथून आता मोठा रस्ता जातो.

अण्णांची एक पद्धत होती. शाळेच्या कुंड्यांना लावायचा गेरू ते डबीत घेऊन जात आणि गाडीवानाला विचारून बैलाच्या सांध्यांवर बोटानं ठिपके देत. खांदा, कोपर, गुडघा, मागचा खुबा. म्हणायचे, पोरी, कातडं काढू नको, बिजागरी काढ. बिजागरी समजली की जनावर आपोआप उठते. गाडीवान हसायचे. पूर्णिमा पाटी मांडीवर घेऊन चिखलात बसायची. हे सगळं तिनं मला लग्नाआधी सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर मी तिच्या त्या चिखलातल्या पाटीमुळंच होकार दिला होता.

म्हणून बैल.

मंगळवारी ती दूध घ्यायला बाहेर आली आणि पायरीवरच थांबली. बैलानं तिच्याकडं बघितलं. तिनं बैलाकडं बघितलं. दुधाची पिशवी तिनं माझ्या हातात दिली आणि आत गेली. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. वरच्या कप्प्यातून ब्रश खाली येत होते.

मग ती तासभर काढत राहिली. मी चहाचं विचारलं, ऐकू गेलं नाही. बैल मॉडेल म्हणून उत्तम होता. फक्त डोळे मिटायचा आणि उघडायचा, जिल्हा बैठकीतल्या अधिकाऱ्यासारखा. अडचण एकच होती. तो बसलेला होता आणि मुखपृष्ठावर बैल उभा पाहिजे होता.

"उठवा ना त्याले," पूर्णिमा म्हणाली.

मी गूळ दाखवला. त्यानं मान लांब केली, गूळ घेतला, मान परत आणली. बाकीचं शरीर या व्यवहारात सामील झालं नाही.

"जबरदस्ती नका करू त्याले," फाटकावरून आवाज आला. गुलाबराव उभे होते. आमचे शेजारी, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले, मूळ भंडाऱ्याकडचे. छोट्या लाईनवर त्यांची सगळी नोकरी गेली. "जय भीम, श्रीपादराव. हे काय करून राहिले तुम्ही? गाडी बाहेर अन् बैल आत?"

"दोन तासांचं काम आहे."

"मले नका सांगू. छोट्या लाईनवर असा एक बसला होता अभनपूरच्या अंगानं. पॅसेंजर उतरले, चहा पिले, एका बाईनं तिथंच भाजी निवडली. तो उठला तेव्हा उठला." ते आत आले, वाकून त्यांनी बैलाकडं नीट बघितलं. "हव, बैलच आहे. वळू नाही. नोकरी करून रिटायर झालेला आहे, आपल्यासारखा."

पूर्णिमानं तेवढ्यात कुंड्यांचा गेरू भिजवून आणला होता. ती बैलापाशी उकिडवी बसली आणि बोटानं ठिपके द्यायला लागली. खांदा. कोपर. गुडघा. खुबा. बैल पांढरा, त्यामुळं ते लांबून उठून दिसत होते. मध्येच तिचा तोल गेला आणि आधारासाठी तिनं त्याच्या कुशीवर हात टेकला. तिथं पाच बोटांचा पूर्ण पंजा उमटला.

या वेळी साडेसात झाले होते आणि समोरच्या क्षमाताई फुलं तोडायला बाहेर आल्या.

इथं वाचकांना एक सांगायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पोळा होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात, अंगावर गेरूचे ठसे देतात, आणि त्याच्यासमोर उभं राहून त्याला आवतण देतात. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आमच्या घरात हे मला माहीत होतं, पूर्णिमाला माहीत होतं, आणि बैल आणताना दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. कॉलोनीत पोळा म्हणजे बाजारातून आणलेला मातीचा बैल, टीव्हीशेजारी ठेवायचा. खऱ्या बैलाचं आवतण कोणाच्या डोक्यात येणार?

क्षमाताईंच्या आलं.

"अगं बाई, पूर्णिमा. खराखुरा आणला?" त्या फुलांची परडी घेऊन तशाच आत आल्या. "ठसे पण दिले? माया माहेरी यवतमाळले असेच देत. मी लहान होती तेव्हाचं पाहिलेलं आहे मी हे." आणि डोळ्यांना पदर लावत, मला काही बोलायची संधी न देता, त्यांनी बैलाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

बैलानं मान हलवली. माशी होती. पण झालं ते झालं.

"आता?" मी गुलाबरावांना हळूच विचारलं.

"आता काय? पाहुणा बुक झाला तुमचा. उद्यापर्यंत हलवता येत नाही."

"तुम्ही कुठं हे मानता?"

"मी नाही मानत. पण माया गावात आवतण देऊन जेवण न देणाऱ्याले लोक काय म्हणत होते, थे मी ऐकलेलं आहे."

दुपारपर्यंत कॉलोनीतल्या सगळ्या मराठी घरांतून आवतण येऊन गेलं होतं. मराठी नसलेल्या घरांतूनही आलं, कारण छत्तीसगढमध्येही हाच सण पोरा म्हणून असतो आणि कोणालाच मागं राहायचं नव्हतं. ज्यांना आवतणाचे शब्द येत नव्हते ते म्हणाले, "भैया, कल आ जाना." एका आजोबांनी बैलाच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं आणि जाताना मला म्हणाले, पन्नास वर्षांनी आज पहिल्यांदा बैलाच्या अंगाचा वास घेतला, बेटा. या वाक्यावर त्यांना, बैल आठलाच परत जाणार होता, हे सांगणं मला शक्य झालं नाही.

रात्रभर बैल पोर्चमध्ये होता. शेणाचा तपशील देत नाही.

बुधवारी पोळ्याच्या सकाळी फाटकाबाहेर रांग लागली. पुरणपोळ्या, भजी, आणि ठेठरी, खुरमी ही इथली सणाची तळणं. गुलाबराव घरी जाऊन गार्डची शिटी घेऊन आले. "एक एक करून आत. ताट वाढलं की उजवीकडून बाहेर. प्लॅटफॉर्म मोकळा ठेवा." त्यांची सून चेतना कपाळाला हात लावून म्हणाली, "पापाजी, प्लीज, ये स्टेशन नहीं है." पापाजींनी शिटी मारली.

आणि पहिली पुरणपोळी समोर येताच बैल उठला.

मी पूर्णिमाकडं बघितलं. ती पायरीवर कागद लावलेली पाटी घेऊन बसली होती. तिचा चेहरा मी तसा फार वर्षांत बघितला नव्हता. मागचे पाय आधी, मग पुढचे, आणि ते गेरूचे ठिपके एकेक करून वर सरकले. ती पुटपुटत होती. "खुबा, गुडघा, आता कोपर." मग ती रांगेवर ओरडली, "ताई, पोळी जरा वर धरा. अजून वर. खाली नका आणू."

"अगं खाऊ दे त्याले."

"खाईल, खाईल. मान दिसू द्या पहिले. अन् तुम्ही, लाल साडीवाल्या, मागच्या पायासमोरून सरका जरा."

लोकांना हा विधीचाच भाग वाटला. पुढच्या प्रत्येक बाईनं पुरणपोळी आधी उंच धरली, थोडी थांबली, मग दिली. एकीनं मला विचारलं, असं तुमच्या घराण्यात आहे का? मी हो म्हणालो. रांग लांब होती, मी दमलो होतो.

दुपारी चित्र झालं.

ते बघताना मी एक पाऊल मागं सरकलो. हे मी बातमी म्हणूनच नोंदवतो. बैल पुढं येत होता. डाव्या कानाची चीर, कपाळावरचा भोवरा, एका शिंगाचा कल, आणि खांद्यावर जुवानं पडलेला जुना घट्टा, केस गेलेला, काळा. तो घट्टा पुरणपोळ्या देणाऱ्या एकालाही दिसला नव्हता. मला तर नाहीच. गुलाबराव चित्राजवळ वाकले आणि म्हणाले, "वहिनी, हा आता शिंग मारते का?"

"अण्णा असते तर काय म्हणाले असते?" तिनं मला विचारलं.

"म्हणाले असते, उठला."

मी मोबाईलवर चित्राचा एक फोटो काढला आणि मंजिरीबाईंना पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. "काकू, हाच. हाच बैल. मूळ चित्र चांगलं स्कॅन करून शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवा." गुरुवारी सकाळी दुकान उघडलं की स्कॅन करायचं ठरलं. पूर्णिमानं चित्र पाटीवरून सोडवलं नाही, नुसतं भिंतीला टेकवून ठेवलं आणि येता जाता बघत राहिली.

पण सकाळचे फोटो आमच्या आधीच शहरात फिरले होते. गेरूचे ठिपके, पंजा, पुरणपोळ्या, रांग. दुपारी चारच्या सुमारास तेलीबांध्याकडून एक गृहस्थ मोठ्या गाडीतून आले. त्यांनी बैलासमोर हात जोडले आणि म्हणाले, "राजा. मेरा राजा."

"हा तुमचा?" मी विचारलं.

"फार्महाउस का है हमारा. दिवाली से गायब है."

पावसाळाभर तो दवाखान्यासमोर बसला होता. रस्त्यात जनावर सोडल्याबद्दल मालकाला दंड होतो, त्यामुळं मोकाट जनावराला मालक नसतो, ही बातमी मी नोकरीत इतक्यांदा लिहिली की शेवटी नुसती तारीख बदलायचो. पुरणपोळ्यांची रांग लागली की मालक सापडतो, हे मात्र मला नवीन होतं.

"ओळख काय?" गुलाबरावांनी विचारलं.

गृहस्थांनी बैलाच्या गुडघ्याकडं बोट दाखवलं. "ये लाल निशान. हमारे यहाँ के हर जानवर पर रहता है. दादाजी के समय से."

"तो गुडघा आहे," पूर्णिमा म्हणाली. "काल सकाळी मी लावला ठिपका तिथं."

"बहनजी, आपने ऊपर से लगाया होगा. नीचे हमारा है."

त्यांना पाणी देईपर्यंत डेरीवाले साहू आले. साहूंनी बैलाला मिठी मारली, त्याचं नाव गोधन आणि तो लहानपणापासून त्यांच्याकडं आहे असं सांगितलं, आणि पुरावा म्हणून कुशीवरचा पंजा दाखवला. "ये मोर दाई के हाथ हे." म्हणजे हा पंजा त्यांच्या आईचा.

पूर्णिमानं पुढं होऊन आपला हात त्या पंजावर ठेवला. बोटाला बोट जुळलं. साहूंनी बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाले की त्यांच्या आईचा हातही साधारण एवढाच होता.

आवाज वाढले. गुलाबरावांनी शिटी मारली, कोणी ऐकली नाही. कोणीतरी ठाण्यात फोन केला आणि हेड कॉन्स्टेबल देवांगनजी मोटरसायकलवर आले. शांत माणूस. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, कागदावर दोन नावं लिहिली, आणि म्हणाले, निशाणं तर दोघांची सारखीच आहेत.

हे पूर्णिमाला सहन झालं नाही. तिचे सांधे कोणी आजोबांच्या नावावर, कोणी आईच्या नावावर लावत होतं. ती आतून चित्र घेऊन आली. इथं तिला थांबवायला पाहिजे होतं.

"हे पाहा," ती म्हणाली. "गेरू सोडून द्या. हा कान पाहा, चिरलेला आहे. हे शिंग पाहा. अन् हा खांदा. जुवाचा घट्टा आहे हा. वर्षानुवर्षं नांगर ओढल्याशिवाय पडत नाही असा. साहूजी, तुमच्या डेरीत नांगर आहे? अन् भाऊ, तुमच्या फार्महाउसवर शेती होते का लग्नं होतात?"

देवांगनजींनी चित्र हातात घेतलं, बैलाजवळ जाऊन धरलं, कान बघितला, चित्र बघितलं, खांदा बघितला, चित्र बघितलं.

"मतलब," ते सावकाश म्हणाले, "मालिक कोई तीसरा है. गाँव का आदमी."

"हो," पूर्णिमा अभिमानानं म्हणाली.

"तो फिर ये चित्र लगेगा. आसपास के थानों में दिखाना पड़ेगा."

"मी फोटो देतो ना," मी पुढं झालो.

देवांगनजींनी माझ्या मोबाईलमधला फोटो बघितला. मग मान हलवली. "इसमें तो कोई भी बैल लग रहा है, सर. असली में देखिए, साँस ले रहा है."

ठाण्यात गेलेला कागद परत यायला काय लागतं, हे माझ्याइतकं रायपुरात फार कमी लोकांना माहीत असेल. मी तोंड उघडलं होतं. पण पूर्णिमाकडं बघितलं आणि मिटलं. गेले दोन महिने सोफा, सोफा ऐकलेल्या बाईसमोर वर्दीतला माणूस उभा होता, आणि त्याला तिचा बैल श्वास घेताना दिसत होता. तिनं स्वतः चित्र पाटीवरून सोडवलं, खाली जाड पुठ्ठा लावला आणि त्यांच्या हातात दिलं.

पंचनामा सुरू झाला. गेरूचे ठिपके किती, ते पुरावा धरायचे की नाही, पंजाची नोंद पंजा म्हणून करायची की निशाण म्हणून, यावर बराच वेळ गेला. साहूंनी सही करताना हरकत नोंदवली. फार्महाउसच्या गृहस्थांनी हरकतीवर हरकत नोंदवली. गुलाबराव पंच झाले आणि त्यांनी नावापुढं 'सेवानिवृत्त गार्ड, छोटी लाईन' असं लिहिलं. शेवटी देवांगनजींनी बॅगेतून शिक्का काढला आणि कोणी काही म्हणायच्या आत चित्राच्या खालच्या कोपऱ्यात, बैलाच्या खुराजवळ, मारला. सगळे जण त्या कागदाभोवती वाकलेले होते.

उठून बघतो तर पोर्चमध्ये शेण होतं, ठेठरीचा चुरा होता, आणि बैल नव्हता. फाटक उघडं होतं. रस्त्यावर दोन्ही बाजूंना नजर पोचेपर्यंत कोणी नव्हतं.

"जेवला अन् गेला," क्षमाताई म्हणाल्या. "शहाण्यासारखा."

त्यानंतरचा घटनाक्रम असा. बुधवारी रात्री पाऊस पडला, म्हणजे बैलाच्या अंगावर आता गेरू नाही. गुरुवारी दाताच्या दवाखान्यासमोरची जागा रिकामी होती. डॉक्टर म्हणाले, चुकल्याचुकल्यासारखं होतंय. त्याच दिवशी मी ठाण्यात गेलो. चित्र देवांगनजींच्या टेबलामागं भिंतीवर लावलेलं होतं, आणि आल्यागेल्यापैकी बरेच जण त्याच्यासमोर उभे राहत होते. एका तक्रारदारानं कोणाविरुद्ध तक्रार आहे हे सांगायचं सोडून, हा बैल आमच्या मामाकडच्या बैलासारखा आहे, असं सांगायला सुरुवात केली होती. चित्र तात्पुरतं मिळेल का, असं मी विचारलं. बैल सापडला की मिळेल, किंवा साहेबांची सही झाली की. साहेब एका बारशाला दुर्गला गेले आहेत.

मंजिरीबाईंना मी शिक्क्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, शिक्का कॉम्प्युटरवर काढता येईल, मूळ चित्र मात्र लागेल. कॉम्प्युटर हा शब्द मी घरात उच्चारला नाही.

"पुन्हा काढ ना," मी गुरुवारी रात्री म्हणालो. "आता तुले समजला आहे तो."

"समजला म्हणून तर नाही काढता येत," पूर्णिमा म्हणाली. "आता काढलं तर थे चित्राचं चित्र होईल."

आज शुक्रवार. पूर्णिमा सकाळीच ठाण्यात गेली, साहेबांच्या सहीसाठी. सोबत पाटी कशाला नेतेस, असं मी विचारलं नाही. अकरा वाजता मी फोन केला.

"मिळालं का?"

"साहेब यायचे आहेत अजून."

"मग बसून काय करून राहिली तिथं?"

"मागच्या अंगणात दोन कोंबडे आहेत हो. मुर्गा लढाईत पकडलेले. जप्तीचा माल आहे म्हणते देवांगनजी." तिचा आवाज हळू झाला, कोंबडे ऐकतील असा. "एकाची मान काय सांगू तुम्हाले. रागानं पाहून राहिला मायाकडे. पाय तर असे आहेत की अण्णांनी हात जोडले असते. माये कागद संपले. घेऊन येता का?"

"पूर्णिमा, मुखपृष्ठावर बैल आहे. अन् आज शुक्रवार आहे."

"हो, माहीत आहे ना मले. जाड कागद आणा. अन् गेरू आणू नका, अंगाले हात लावू देत नाही तो."

हा मजकूर लिहीपर्यंत बैलाचा पत्ता लागलेला नाही, साहेब दुर्गहून निघाल्याचं कळतं, आणि मी कागद घेऊन ठाण्याच्या दारात उभा आहे. आतून कोंबडा आरवल्याचा आवाज येतो आहे. मंजिरीबाईंचा फोन पुन्हा वाजतो आहे. छापखाना किती वाजेपर्यंत थांबणार हे त्या सांगतील म्हणून मी तो उचललेला नाही.